हंगेरियन तलवारीवरचा 'तुरुल' आला कुठून

जुन्या हंगेरियन तलवारीच्या मुठीला जरा चोचीसारखा बाक दिसला की विकणारा लगेच 'तुरुल', म्हणजे हंगेरियन दंतकथेतला शिकारी पक्षी, म्हणून मोकळा होतो. हंगेरीच्या पहिल्या राजघराण्याची आद्यमाता एमेशे, तिच्या स्वप्नात हा पक्षी आला ही गोष्ट तिकडे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे घेणाराही खूश.

खरा घोळ नावातच आहे. 1200 च्या आसपासच्या लॅटिन बखरीत स्वप्न आहे, पण पक्ष्याला तुरुल म्हटलेलंच नाही, 'आस्तुर'च्या रूपातला पक्षी एवढंच लिहिलंय, म्हणजे बाज. तुरुल हा शब्द भेटतो 1280 च्या दशकातल्या दुसऱ्या बखरीत आणि तिथे तो पक्षी हूणांचा राजा अटिला याच्या ढालीवर बसलाय, डोक्यावर मुकुट घालून. शब्द तुर्की वळणाचा, सेल्जुक तुर्कांमधल्या 'तुघ्रिल' या नावाच्याच कुळातला. आता मराठीत बाज म्हणायचं की ससाणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, गरुड मात्र नको, लगेच विष्णूचं वाहन डोळ्यासमोर येतं.

आणि तलवारींचं काय? व्हिएन्नाच्या शाही खजिन्यात 10व्या शतकाच्या पूर्वार्धातली जी वाकडी हंगेरियन तलवार आहे, जिला कधी अटिलाची तर कधी फ्रँकांचा सम्राट शार्लमेनची म्हणतात, तिच्या मुठीवर नि म्यानावर नजर भरते ती सोनेरी मुलाम्याच्या वेलबुट्टीनं. त्याच काळातला ठसठशीत पक्षी हंगेरीतल्या राकामाझला सापडलेल्या चांदीच्या चकतीवर आहे, पंजात दोन छोटे पक्षी धरलेले, आणि ती चकती बायकांच्या वेणीतली!

पुढे हुसारांच्या, म्हणजे हंगेरियन हलक्या घोडदळाच्या, पात्यांवर चंद्र-सूर्य, घोडेस्वार, येशूची आई मेरी, हाब्सबुर्ग राजघराण्याचा दुतोंडी गरुड असं बरंच काही कोरलं गेलं. हुन्यादी घराण्याचा अंगठी धरलेला कावळा वेगळाच, त्याला तुरुल म्हणणं म्हणजे कमालच. आणि ती पक्ष्याच्या डोक्यासारखी वाकडी मूठ तुर्कांकडेही होती, पोलंडच्या कराबेला नावाच्या तलवारीलाही असते, मग तिला एकट्या हंगेरीचं कसं म्हणायचं?

तुरुलची खरी लाट आली हंगेरियन लोक या देशात आल्याच्या 1896 च्या सहस्राब्दी सोहळ्याच्या आगेमागे. सरदारांच्या दरबारी पोशाखातल्या पिरोजे जडवलेल्या तलवारी याच हौसेच्या काळातल्या. बुडाच्या किल्ल्यावर 1905 चा आणि तातबान्याच्या डोंगरावर 1907 चा, जवळजवळ 15 मीटर पंखांचा पुतळा बघा, दोन्ही पक्ष्यांच्या पंजात तलवार आहे. पहिल्या महायुद्धानंतर एका ज्यूविरोधी विद्यार्थी संघटनेनं हेच नाव उचललं, म्हणूनच बुडापेस्टमध्ये 2005 साली उभारलेल्या तुरुलवरून इतकी वर्षं भांडण चाललं.