गोगलगायीचा मेद: संपला की खवट झाला?

पुण्यात एम.एस्सी.चे प्रकल्प अहवाल वाचायला घेतले की दरवर्षी एक वाक्य हमखास समोर येते: ‘आहारातील तांब्यामुळे गोगलगायीच्या ऊतींमधला मेद घटला.’ तक्त्यात कंट्रोल गटापेक्षा (ज्याला तांबे दिलेले नाही) मेद कमी दिसतोही. पण त्या गोगलगायींनी रोज किती खाल्ले, याची नोंद कुठेच नसते. ती नसेल तर हे वाक्य लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपासाने काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. ग्लायकोजेन (साखरेचा साठा) आणि पाचकग्रंथीत साठवलेले ट्रायग्लिसराइड (मेदाचा साठा) खर्ची पडते, जीव रोडावतो. त्यावर जास्त बोलायला नको.

धातू मेदाचे जे करतो ते वेगळे. डब्यातले शेंगदाणे संपणे आणि शेंगदाणे खवट होणे यांत जेवढा फरक, तेवढाच इथे आहे. तांबे पेशीत मोकळे सुटले की हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे फार आक्रमक रेणू, तयार व्हायला हातभार लावते. ही मूलके पेशीपटलातल्या असंतृप्त मेदाम्लांवर तुटून पडतात. कॅडमियम स्वतः असे करू शकत नाही. ते ग्लुटाथायोनसारखे संरक्षक रेणू अडवून ठेवते आणि आडवाटेने तिथेच पोचते. हे नुकसान एकूण मेदाच्या आकड्यात दिसेलच असे नाही. त्यासाठी मॅलोनडायअल्डिहाइड, म्हणजे मेद खवट होताना तयार होणारा पदार्थ, मोजावे लागते. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने मेद काढून त्याचे वजन केले, तर डब्यात दाणे किती उरले एवढेच कळते. ते खवट झालेत का, ते कळत नाही.

घोळ होतो तो पुढे. मोरचूद (तांब्याचा क्षार) लावलेले कोबीचे पान गोगलगाय मनापासून खात नाही. धातूचे प्रमाण वाढले की तिचे खाणे कमी होते आणि मेद उतरतो. म्हणजे धातूने तिला उपाशी ठेवले. पेशीतला मेद धातूनेच जाळला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून तिसरा गट हवाच: स्वच्छ पाने, पण धातूच्या गटाने आदल्या दिवशी जेवढी खाल्ली तेवढीच. या गटातही मेद तितकाच उतरला, तर त्या घटीचे कारण उपास. सहा बरण्या वाढतात म्हणून हा गट गाळणे मला अजिबात मान्य नाही.

टक्केवारीही फसवते. समजा, १ ग्रॅम कोरड्या ऊतीत ५० मिलिग्रॅम मेद आणि १०० मायक्रोग्रॅम तांबे आहे. उपासाने ऊती ०.८ ग्रॅम आणि मेद ४० मिलिग्रॅमवर आला, तर मेद अजूनही ५ टक्केच. तांबे मात्र कणभरही न वाढता ग्रॅममागे १२५ मायक्रोग्रॅम दिसू लागते! दर गोगलगायीमागचा आकडाही द्या.

ग्रंथीत धातू सापडला म्हणजे इजा झालीच, असेही नाही. गोगलगायीच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारे हिमोसायनिन हे प्रथिन तांब्यावरच चालते. हेलिक्स पोमॅशिया या युरोपीय गोगलगायीत तांबे आणि कॅडमियम बांधून ठेवणारी मेटॅलोथायोनिन प्रथिने वेगवेगळी असतात, हे १९९७ साली दाखवले गेले. बांधलेला धातू शांत पडून राहू शकतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरली जाते. आफ्रिकन गोगलगाय उन्हाळा शंखाच्या तोंडाशी पडदा ओढून, काहीही न खाता काढते. जूनच्या पहिल्या सरींनंतर टेकडीवरून किंवा बागेतून गोळा केलेली गोगलगाय आधीच उपाशी असते, ऑगस्टमधली भरल्या पोटी. दोन्ही एका प्रयोगात मिसळू नका. दोन आठवडे स्वच्छ पाल्यावर ठेवा, मग धातू सुरू करा. पाने रोज घालताना आणि काढताना तोला, शेजारी गोगलगाय नसलेल्या बरणीत एक पान ठेवा आणि पाणी उडाल्याने त्याचे जेवढे वजन घटेल तेवढे खाण्याच्या हिशेबातून वजा करा.