चोरीस नेताय? मग सोबत काय करायचं ते आधी वाचा

गोव्याच्या चोरीसबद्दल ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चोरीस, म्हणजे पुण्या-मुंबईकडे ज्याला गोवन सॉसेज म्हणतात ते डुकराच्या मांसाचं सॉसेज, त्याचं पार्सल पोचलं की आम्हाला दोन फोन येतात. सकाळी अकराच्या सुमारास पहिला: "याच्यासोबत काय करू?" दुपारी दीडला दुसरा: "फार खारट झालंय, आता काय करू?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं तर दुसरा फोन करावाच लागणार नाही, म्हणून हे पत्रक प्रत्येक पाकिटासोबत देत आहोत.

पाकिटात मीठ किती आहे

एक किलो मांसाला आम्ही ३० ग्रॅम मीठ लावतो. मसाला मुरून, वाळवण आणि धुरी झाली की त्या किलोचे ७०० ग्रॅमच्या आसपास उरतात. पाणी उडून जातं, मीठ मात्र सगळं आतच राहतं. म्हणजे तुमच्या हातातल्या २५० ग्रॅमच्या पाकिटात साधारण साडेदहा ग्रॅम, चहाचे सपाट दोन चमचे मीठ आहे. चार माणसांच्या बटाट्याच्या भाजीला आपण जेमतेम एक चमचा घालतो. तेव्हा भाजीचं, भाताचं, भाकरीचं अशा सगळ्या जेवणाचं मीठ या एका पाकिटात आलेलं आहे, असं धरूनच चुलीपाशी उभं राहा.

चूक इथेच होते, आणि ती सवयीने होते. फोडणीत कांदा पडला की हात आपोआप मिठाच्या डब्याकडे जातो. वरून टोमॅटो, वरून लिंबू. चोरीसमध्ये माडाचं व्हिनेगर असतं, काश्मिरी मिरची असते, लसूण, आलं, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी आणि भरपूर चरबी असते. तिखट, मीठ, आंबट आणि तेल हे चारही आधीच घातलेले आहेत. म्हणून चोरीसकडे मांसाची भाजी म्हणून पाहू नका, मसाला म्हणून पाहा. सोबत जे कराल ते अळणी, शक्यतो थोडं गोडसर आणि पिठूळ असू द्या. मीठ लागलंच तर पदार्थ पूर्ण झाल्यावर, चव घेऊन, चिमटीने.

"तुम्हीच मीठ कमी करून द्या ना," असंही बरेच जण सुचवतात. ते आम्ही करणार नाही, आणि त्याचं कारण सांगणं आमचं काम आहे. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी होते. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, कडधान्यं यांच्यासोबत चोरीसच्या माळाही घरात येतात आणि चुलीवरच्या धुरात टांगलेल्या पावसाळाभर टिकतात. पूर्वी फ्रीज नव्हते. मांस टिकायचं ते मीठ, व्हिनेगर, धूर आणि वाळवण यांच्या जोरावर. मीठ अर्ध्यावर आणलं तर ते ताजं सॉसेज होईल, बर्फात ठेवावं लागेल, आणि आठवडाभर मुरल्यावर येणारी ती खोल आंबूस चव येणारच नाही. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी वाटा लहान ठेवावा. माणशी तीस ग्रॅममध्येही भाताला पुरेशी चव येते.

आधी चोरीस शिजवून घ्या, मग सोबतीचं

चोरीस मुरवलेलं असलं तरी कच्चंच असतं. ते शिजवूनच खायचं.

मण्यांमधला, म्हणजे माळेतल्या छोट्या सॉसेजांमधला, दोरा आधी कात्रीने कापून काढा. हे सांगावं लागतं, कारण पुलावात दोरा सापडल्याची तक्रार दर महिन्याला असते. मणी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवले की वरचं आवरण सुटतं. नखाने चीर दिली की मोज्यासारखं उलटून निघतं. आवरण डुकराच्याच आतड्याचं आहे, ठेवलं तरी चालतं, पण चिवट लागतं. माळ जुनी आणि कडक असेल तर अर्धा तास भिजू द्या. ते पाणी मात्र फेका, भाजीत घालू नका.

आता महत्त्वाचं. गरम तेलात चोरीस टाकायचं नाही. तेल घालायचंच नाही. थंड कढईत सोललेलं चोरीस, त्यावर अर्धी वाटी पाणी, झाकण, मंद आच. पंधरा-वीस मिनिटांत मांस मऊ पडतं, पाणी आटतं आणि कडेने लाल चरबी सुटते. कढईतला आवाज बदलतो: आधी रटरट असते, पाणी संपलं की चरचर सुरू होते. ती चरचर ऐकली की कांदा घाला. गरम तेलात थेट टाकलं तर चरबी सुटायच्या आधी मिरची आणि लसूण जळतात. मसाला काळा पडतो, कडू होतो, आणि तो कडूपणा नंतर कशानेही जात नाही.

कांदा आणि बटाटा

२५० ग्रॅम चोरीसला तितकाच कांदा, म्हणजे मोठे दोन, उभे चिरून. आठ-दहा मिनिटं त्याच चरबीत. कांद्याचा गोडवा व्हिनेगरचा आंबटपणा बसवतो, त्यामुळे कांदा कमी करून चालत नाही. मग दोन मध्यम बटाटे, बोटाच्या पेराएवढ्या फोडी, पाव वाटी पाणी, झाकण.

बटाटा मीठ ओढून घेतो असं म्हणतात. तसं काही होत नाही. बटाटा स्वतः अळणी असतो, म्हणून तेच मीठ जास्त घासांत वाटलं जातं. दुपारी दीडच्या फोनला आमचं उत्तर म्हणूनच ठरलेलं आहे: दोन बटाटे वेगळे उकडा, मीठ न घालता, आणि कुस्करून त्यात मिसळा. पाणी ओतून उपयोग नाही. रस्सा पातळ होतो आणि मांसाचा तुकडा खारट तो खारटच राहतो.

पाव, पोय, भाकरी

गोव्यात चोरीस-पाव खातात तेव्हा पाव नुसता असतो. लोणी लावून तव्यावर भाजलेला पाव इथे नको. पाकिटातलं पिवळं बटर खारट असतं आणि चरबी आधीच ओसंडते आहे. पोय सगळ्यांत उत्तम. ती गव्हाची, वरून कोंडा लावलेली, आतून पोकळ. कडेला चीर दिली की पिशवीसारखी उघडते, एका पोयीत पन्नास ग्रॅम सारण आरामात बसतं, आणि लाल चरबी कोंड्याच्या कडेत जिरते, हातावर ओघळत नाही. उंडो म्हणजे गोव्याचा गोल पाव, तोही चांगला, त्याचं कवच कडक असतं. लादी पाव मिळत असेल तर तोही चालेल. तो मऊ असल्यामुळे सारण थोडं कोरडं करून भरा, नाहीतर पाच मिनिटांत खालचा भाग लगदा होतो.

आमच्या घाटावरच्या ग्राहकांनी आम्हाला ज्वारीची भाकरी शिकवली, आणि ती खरोखर फार जमते. पिठात मीठ घालू नका. तांदळाची भाकरी किंवा बिनमिठाचे घावनही तसेच. चपाती आम्ही सुचवत नाही, ती चरबीने लगेच ओली होते.

भात आणि पेज

सर्वांत सोपं आणि आमच्या मते सर्वांत चांगलं म्हणजे उकड्या तांदळाचा साधा भात, बाजूला चोरीस-बटाटा. पावसात हेच तांदूळ पेज करून, पेजेत मीठ न घालता, वर चमचाभर चोरीस. साधं वरणही छान लागतं, फक्त त्यात मीठ आणि लिंबू नको, हिंग-हळद पुरे.

पुलाव करताना मात्र जपा. दोन वाट्या तांदूळ, २०० ग्रॅम चोरीस, दोन कांदे. चोरीसची चरबी सुटली की कांदा, मग धुऊन निथळलेले तांदूळ दोन मिनिटं परतून, चार वाट्या गरम पाणी. बासमती असेल तर पाणी साडेतीन वाट्या. पाणी उकळलं की चमच्याने चाखून बघा: कोमट सारासारखं, किंचित खारं लागायला हवं. तसं लागलं तर मीठ शून्य. इंटरनेटवरच्या कृतींत यात मसाला क्यूब टाकायला सांगतात. क्यूब म्हणजे बहुतांशी मीठच असतं, आणि वाया गेलेल्या पुलावांच्या तक्रारीत निम्म्या वेळा तो क्यूब निघतो. पुलाव मसालाही नको. मूठभर ताजे मटार घाला, त्यांचा गोडवा इथे कामाला येतो. आंबेमोहोर या पुलावाला घेऊ नका, गोळा होतो, कोलम चांगला.

अळसांदे, राजमा, चवळी

फेजोआदा म्हणजे कडधान्यात शिजवलेलं चोरीस. पोर्तुगिजांकडून आलेला पदार्थ, पण गोव्यात त्यात नारळाचं दूध पडलं आणि तो आपला झाला. पाहुणे येणार असतील तर हाच करा, कारण २५० ग्रॅम चोरीसमध्ये सहा माणसं पोटभर जेवतात.

इथली चूक वेगळी आहे. भिजवलेलं कडधान्य आणि चोरीस एकत्र कुकरला लावतात, आठ शिट्ट्या झाल्या तरी दाणा कडक राहतो, आणि मग आम्ही जुनं कडधान्य दिलं असा समज होतो. दोष दाण्याचा नाही, व्हिनेगरचा आहे. आंबट पाण्यात कडधान्याची साल मऊ पडत नाही. म्हणून दीड वाटी अळसांदे (गोव्याची मोठ्या दाण्याची चवळी) किंवा राजमा रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी टाकून नव्या साध्या पाण्यात पूर्ण शिजवा, बोटाने दाबल्यावर लोण्यासारखा फुटेपर्यंत. राजमा अर्धवट शिजलेला पोटाला बाधतो, त्यात घाई नको. मग चोरीस-कांद्यात हे दाणे त्यांच्याच पाण्यासकट घाला, दहा मिनिटं उकळा, चार-पाच दाणे पळीने ठेचून रस्सा दाट करा, शेवटी अर्धी वाटी नारळाचं दाट दूध घालून एक वाफ. दूध घातल्यावर खळखळ उकळू नका, फाटतं.

दुसऱ्या दिवशी फेजोआदा जास्त चांगला लागतो, तेव्हा आदल्या रात्री करून ठेवला तरी हरकत नाही.

भाज्या, अंडी आणि काय टाळायचं

लाल भोपळा पहिल्या नंबरावर. नंतर कोबी, फरसबी, दुधी. कोबी चोरीसच्या चरबीतच परता, पाच मिनिटांत होतो. अंड्यांची भुर्जी करायची असेल तर दोन अंड्यांना साठ ग्रॅम चोरीस, आणि अंडी फेटताना मीठ नाही. काकडी नुसती चिरून, वर ओलं खोबरं.

त्याच ताटात लोणचं, पापड, सुकट किंवा बोंबील नको. कोकमाचं सार नको, चिंचेची आमटी नको. टोमॅटोच्या कोशिंबिरीचंही तेच: आंबटावर आंबट चढतं. सोलकढीबद्दल फार विचारतात. नारळाचं दूध चोरीसला हवंच असतं, म्हणून सोलकढी करा, पण कोकम नेहमीच्या निम्मं आणि मीठ नाही. ताक गोडं असेल तरच.

सहा माणसांचं एक ताट सांगायचं तर: फेजोआदा, साधा उकडा भात, बिनमिठाची भोपळ्याची भाजी, काकडी, बारा पोयी, आणि शेवटी दोदोल, म्हणजे गोव्याचा गूळ-नारळाचा गोड पदार्थ. यात मिठाचा डबा उघडावा लागत नाही.

ठेवायचं कसं

फ्रीजमध्ये कागदात गुंडाळून, बंद डब्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. मण्यावर पांढरं दिसलं तर बोटाने चोळा. गोठलेली चरबी असेल तर बोटाच्या उबेने विरघळते, मीठ असेल तर कोरडं झडतं. केसाळ बुरशी, चिकट बुळबुळ किंवा नाकात जाणारा उग्र वास असेल तर ते खाऊ नका, फोटो पाठवा, पाकीट बदलून देऊ.

कढईत उरलेली लाल चरबी ओतून टाकू नका. गाळून काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा. अंडं, परतलेला भात, उकडलेली चवळी यांना एक चमचा पुरतो.

पहिल्यांदाच घेत असाल तर २५० ऐवजी १२५ ग्रॅमचं पाकीट मागा, दोघांना एक वेळ पुरतं. अळसांदे आणि उकडा तांदूळ आमच्याकडे किलोवर मिळतात. पोय मात्र त्याच दिवशीची पाठवतो, त्यामुळे ती हवी असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा. गुरुवारी रात्रीच्या बसने निघते आणि शुक्रवारी सकाळी पोचते. पोचल्यावर मऊ राहिली नसेल तर पाण्याचा हबका मारून झाकणाखाली तव्यावर दोन मिनिटं ठेवा.