४४ अंशातलं वारं गाडीला गार करतं, गाडीवाल्याला नाही

मे महिना लागला की परभणी-नांदेडकडच्या बातम्या ठरलेल्या. पारा ४४ च्या वर, दुपारी रस्ते ओस, आणि बातमीखाली फोटो मात्र तोंडाला रुमाल बांधून चाललेल्या गाडीवाल्यांचा. रस्ते ओस तर हे कुठून आले असं विचारू नका, लग्नसराई असते, दवाखाना असतो, बँकेचं काम असतं, आणि भर दुपारी फाट्यावर एसटीची वाट बघत उभं राहण्यापेक्षा आपली टू-व्हीलर बरी वाटते. तर यातल्या बऱ्याच जणांचा एक पक्का समज असतो की थांबलं की ऊन लागतं, गाडी पळत राहिली की वारं लागतं आणि अंग गार राहतं. म्हणून शर्टाची वरची दोन बटणं उघडी, बाह्या दुमडलेल्या, हेल्मेटची काच वर आणि ॲक्सिलेटर पिळलेला. दुपारी दोनला जिंतूर रोडवर उभं राहा, डझनानं दिसतील.

हा समज २८-३० अंशात एकदम बरोबर आहे. ४४ ला तो उलटा होतो, आणि कसा उलटा होतो ते मला लई आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शाळेत शिकलोय की उष्णता गरमाकडून गाराकडं जाते, आणि दोन्हींच्या तापमानात फरक जितका मोठा तितकी झपाट्यानं जाते. न्यूटनचा नियम. आता यात वाऱ्याचं काम काय, तर फक्त ही देवाणघेवाण जोरात करणं. कोणत्या दिशेनं जायचं ते वारा ठरवत नाही, ते तापमान ठरवतं. आपली कातडी उन्हाळ्यात साधारण ३५ अंशाला असते. हवा २५ ची असेल तर उष्णता अंगातून हवेत जाते, वाऱ्यानं आणखी जोरात जाते, मजा येते. हवा ३५ ची झाली की हे देणंघेणं बंद, वारा असो नसो. आणि हवा ४४ ची झाली की उष्णता हवेतून अंगात यायला लागते, आणि तोच वारा ती आणखी जोरात आत ढकलतो. जितकी गाडी पळवाल तितकी जास्त.

इंजिनाचं बघा म्हणजे गंमत कळेल. एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्यानंच गार होणाऱ्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, दीडशे अंशाच्या आसपास तापलेलं असतं. त्याला हवा २५ ची मिळाली तर फरक १२५, हवा ४४ ची मिळाली तर फरक १०६. थोडा कमी झाला, बाकी काही बिघडलं नाही, दिशा तीच. आपला फरक मात्र २५ ला अधिक दहा होता तो ४४ ला उणे नऊ झाला, म्हणजे चिन्हच बदललं. गाडी तापली म्हणून लिंबाखाली लावून अर्धा तास दम देणारे लोक स्वतः मात्र टपरीवर उन्हातच उभे असतात, खरं तर दम कुणाला पाहिजे ते बघा.

हे कुणी करून बघितलं नाही असं नाही. १७७५ च्या सुमारास इंग्लंडात चार्ल्स ब्लॅग्डन नावाचे डॉक्टर दोस्तांना घेऊन शंभर अंशाच्या वर तापवलेल्या खोलीत जाऊन उभे राहिले होते. माणसं घामाच्या जोरावर काही मिनिटं टिकली. त्याच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा अर्ध्या तासात शिजला, आणि मग दुसऱ्या तुकड्यावर भात्यानं त्याच खोलीतली हवा मारली तर तो तेरा मिनिटांत शिजला. खोली तेव्हा आधीपेक्षा जरा जास्त तापली होती हे खरं, पण वाऱ्यानं शिजणं लवकर झालं असं त्यांनीच नोंदवलंय.

आता तुम्ही म्हणाल की मग गाडीवर आपण शिजत का नाही. घामामुळं. एक लिटर घाम वाळताना अंगातून साधारण २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो, तो अप्रकट उष्मा की काय शिकलो होतो तो हाच. तासाला एक लिटर घाम वाळला तर ६७० वॅटचं कूलिंग. चांगलंच झालं. पण इथं एक मर्यादा आहे आणि तीच लोकांच्या लक्षात येत नाही.

थोडा हिशोब करू, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून द्या. ताशी ६० च्या वेगात, हवा ४४ ची, तर उघड्या कातडीच्या दर चौरस मीटरला जवळपास ४०० वॅट उष्णता वाऱ्यातून आत येते. अंगाची स्वतःची १०० वॅट असतेच. वरून ऊन, ते भर दुपारी चौरस मीटरला हजार वॅटच्या जवळपास, ते जितकं अंगावर पडेल तितकं. आता बाहेर काढायचं साधन एकच, घाम. आपल्याकडं मेमध्ये दुपारी हवा इतकी कोरडी असते की त्या वेगाचं वारं चौरस मीटरमागं तीन हजार वॅटहून जास्त उष्णता काढेल इतका घाम वाळवू शकतं, म्हणजे तासाला साडेचार लिटरच्या पुढं. पण शरीर तितका घाम देतंय कुठं, सगळं अंग मिळून तासाला एक-दीड लिटर, तेही पाणी पोटात असेल तर. म्हणजे वाऱ्याची वाळवायची ताकद आहे ती बहुतेक फुकट जाते, कारण वाळवायला ओलावाच नाही. उष्णता आत आणायची ताकद मात्र फुकट जात नाही, ती पूर्ण वापरली जाते. आणि तेवढा घाम वाळवायला वारं किती लागतं म्हणाल, तर आपल्या या कोरड्या हवेत बैलगाडीच्या वेगाचं पण पुरतं. त्याच्या वरचं सगळं वारं नुकसानीचं.

याचा पुरावा रसवंतीवर मिळतो. गाडीवरून उतरणारा माणूस बघा, येताना अंग कोरडं ठणठणीत, काळ्या टी-शर्टवर पाठीला आणि काखेजवळ मिठाच्या पांढऱ्या रेघा. घंटीवाल्या चरकासमोर उभा राहतो आणि दोन मिनिटांत कपाळावरून, कानामागून धारा लागतात. त्याला वाटतं आत्ता घाम आला. घाम वाटभर येतच होता, दिसायच्या आत वाळत होता, मीठ तेवढं मागं राहिलं. आणि घाम दिसत नाही म्हणून वाटेत पाणी प्यायचं सुचत नाही.

मग करायचं काय, तर अंग झाका. चाळीसच्या पुढं हा उपाय उघडं राहण्यापेक्षा बरा. गरम वारं कातडीला थेट लागू द्यायचं नाही, कपड्याच्या आत थोडं खेळू द्यायचं. जुनी माणसं पांढरा पूर्ण बाह्यांचा नेहरू शर्ट, धोतर आणि डोक्याला पटका बांधून शेतात जायची, स्कूटीवरच्या पोरी सनकोट आणि स्कार्फ घालतात आणि त्यांना अतिरेकी म्हणून हसतात लोक, तर त्या बरोबर आहेत.

याहून भारी म्हणजे आतला सुती शर्ट पाण्यात भिजवून, पिळून घालायचा आणि वरून जॅकेट घालून चेन जवळजवळ पूर्ण लावायची, गळ्याशी दोन बोटं फट ठेवायची. नुसता ओला शर्ट वाऱ्यात दहा-पंधरा मिनिटांत कडकडीत वाळतो. जॅकेटच्या आत तोच शर्ट बराच वेळ ओला राहतो, हळूहळू वाळतो आणि तुमच्या घामाचं काम करतो. अर्धा लिटर पाणी शर्टात मावलं तर १२ लाख ज्यूल झाले की हो. दुकानात उन्हाळी म्हणून जे जाळीचं जॅकेट गळ्यात मारतात ते पुण्याच्या ३४-३५ ला ठीक, परभणीच्या ४४ ला त्यातून भट्टीची झळ आत येते. चालवायचंच असेल तर आत ओला शर्ट पाहिजेच.

एक सांगून ठेवतो, हे सगळं आपल्या कोरड्या हवेचं शास्त्र आहे. कोकणात ३४ अंश आणि दमट हवा असली की घाम लवकर वाळत नाही, तिथं वारंच कामाचं, तिथं बटणं उघडा. रत्नागिरीच्या पाहुण्याला हा लेख पाठवून भांडण लावू नका.

हेल्मेटनं मेंदू उकडतो म्हणणारे भेटतात. हेल्मेटच्या आत थर्माकोल असतो, तो उष्णता आत येऊ देत नाही, उन्हाचा थेट मारा अडवतो. खाली ओला रुमाल बांधा, काच खाली ठेवा, डोळे पण कोरडे पडणार नाहीत.

आणि कांदा. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडं शिकलेली माणसंही सांगतात. खिशातला कांदा ना घाम वाढवतो ना उष्णता अडवतो, खाल्ला तर निदान भाकरी तरी जाईल. कैरीचं पन्हं मात्र खरं, त्यात पाणी, साखर, मीठ तिन्ही आहे. तसाच दरवर्षीचा व्हॉट्सॲप मेसेज, उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होईल. इंडियन ऑइलच्या नावानं फिरला आणि त्यांनीच तो खोटा आहे म्हणून खुलासा केला. पेट्रोल फुगतं हे खरं, पण दहा लिटर पेट्रोल २० अंशानं तापलं तरी दोनशे मिलीच्या आतच वाढतं, आणि उन्हानं आपोआप पेट घ्यायला अडीचशे अंशाच्या वर जावं लागतं. टायरची हवा सकाळी थंड असताना कंपनीनं दिली तेवढी भरा. दुपारी चार-पाच पीएसआय जास्त दिसली तर सोडू नका, कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो.

राहता राहिलं ऊन लागलेला माणूस ओळखणं. पायात गोळे येणं, डोकं दुखणं, मळमळ हे आधीचं, तेव्हाच सावलीत थांबा आणि मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट प्या. त्यापुढं माणूस असंबद्ध बोलायला लागतो, गिअर चुकवतो, चिडचिड करतो, कुठं चाललोय ते विसरतो, आणि याचं त्याला स्वतःला कळत नाही, म्हणून मागं बसलेल्यानंच बघायचं. तिथं पाणी पाजण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन लावा, सावलीत आडवं करा, जॅकेट-बूट काढा आणि मिळेल ते गार पाणी अंगावर ओतून पंख्यानं किंवा कपड्यानं वारं घाला. "एकदम गार नको, बाधेल" असं म्हणणारा कुणीतरी तिथं असतोच, त्याला बाजूला करा, इथं एकदम गारच पाहिजे. फक्त शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं.