बोलिंग-रांपाल यांची एलपी: घेण्यापूर्वी थोडी माहिती

'सुईट फॉर फ्लूट अँड जाझ पियानो' ही १९७५ सालची फ्रेंच कलाकारांची एलपी. जुना माल आला की त्यात बहुतेक वेळा हिची एखादी प्रत निघतेच. आमच्या दुकानात ती क्लासिकलच्या (पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या) कप्प्यात मिळेल, कारण अमेरिकेत बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाच्या क्लासिकल यादीत ती सुमारे दहा वर्षं टिकली. जाझचे ग्राहक त्या कप्प्याकडे फिरकत नाहीत, म्हणून हे पत्रक.

संगीत आणि पियानो क्लोद बोलिंग यांचा, फ्लूट झाँ-पिएर रांपाल यांची. सोबत डबल बास आणि ड्रम. (रांपाल यांनी पंडित रविशंकरांबरोबरही ध्वनिमुद्रण केलं आहे.) रांपाल जाझवाले नव्हते आणि बोलिंग यांनी त्यांना तसं व्हायला लावलंही नाही. फ्लूटची प्रत्येक ओळ लिहून दिलेली आहे. पहिला भाग 'बारोक अँड ब्लू' नीट ऐका: फ्लूट जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या काळातल्या (बारोक) वळणाने चालते, बास-ड्रम आले की पियानो जाझच्या ठेक्यात शिरतो, फ्लूट मात्र आपला बाज सोडत नाही. आमच्या मते या रेकॉर्डची सगळी गोडी इथेच आहे. दोघांपैकी कुणीच दुसऱ्याची नक्कल करत नाही.

एकूण सात भाग आहेत. तालाचा कान असलेल्यांनी तिसरा, 'जाव्हानेज', आधी लावावा. त्याचं आवर्तन पाच मात्रांचं आहे. झपताल ऐकणाऱ्याला ते परकं वाटणार नाही. सहाव्या 'व्हर्सातील'मध्ये रांपाल बास फ्लूट घेतात. ती नेहमीच्या फ्लूटपेक्षा एक सप्तक खाली वाजते, त्यामुळे मोबाइलच्या स्पीकरवर तिचा भरीवपणा हरवतो. मोठ्या स्पीकरवर किंवा चांगल्या हेडफोनवरच ऐका.

वापरलेली प्रत घेताना दुकानातच वाजवून बघा. पहिली बाजू लावून सुई थेट दुसऱ्या भागावर, 'सांतिमांताल'वर टेकवायला सांगा. सुरुवातीला हळुवार पियानो आहे, ड्रमचा आवाज झाकायला नसतो, त्यामुळे खरखर असेल तर लगेच कळते. नुसती धूळ असेल तर आम्ही धुऊन देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. चरा नखाला लागत असेल तर ती प्रत घेऊ नका, आमच्याकडचीही नाही. दुसरी येईपर्यंत थांबा. नंबर देऊन ठेवलात तर आली की कळवू.