टपरीवरची चार माणसं आणि नऊवारी

कॉलेजात असताना एका एकांकिकेत मी आजीचं काम केलं होतं. मुली कमी नव्हत्या, पण दिग्दर्शकाला आजी उंच आणि खणखणीत आवाजाची हवी होती आणि तशी मीच होतो. मेकअपच्या खोलीत तिघी मैत्रिणींनी मला नऊवारी नेसवली. एकीनं काष्टा खोचला, दुसरीनं अंबाडा बसवला, तिसरी म्हणाली, "पाय इतके फाकवून चालू नकोस, आजी आहेस, पैलवान नाहीस." मला काही म्हणजे काही वाटलं नाही. उलट मजा आली. मग कळलं की लाइटवाला चहाला गेलाय आणि त्याला हाक मारून आणायला मोकळा मीच आहे. टपरी जेमतेम पन्नास पावलांवर. तिथे चार माणसं उभी होती. शिट्टी नाही, टोमणा नाही, कुणी हसलंसुद्धा नाही. नुसतं पाहिलं. पण पोटात जो गोळा आला तो प्रयोग संपेपर्यंत हलला नाही.

ही गोष्ट मी विसरलोही होतो. परवा एका मित्राशी बोलताना आठवली. मित्र चाळिशी ओलांडलेला, नोकरीत स्थिर, दोन मुलांचा बाप. घरी अधूनमधून साडी नेसतो. बायकोला ठाऊक आहे, तिच्या दोन मैत्रिणींनाही. त्यांच्यासमोर तो साडीत बसून निवांत चहा पितो. सख्खा भाऊ मात्र येणार असला की साडी कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, ब्लँकेटांच्या मागे. भाऊ तसा चांगला माणूस आहे. "तरीही त्याच्यासमोर जमणार नाही," मित्र म्हणाला. "बायकांसमोर जमतं. असं का रे?"

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. ज्यांना आवड म्हणून बायकांचे कपडे घालायला आवडतात अशा पुरुषांपैकी बरेच जण हेच सांगतात. उत्तरं मात्र भलतीच मिळतात. मित्राला एका नातेवाइकानं ज्योतिष्याकडे नेलं होतं. तिथे निदान झालं की शुक्र बिघडलाय, हिऱ्याची अंगठी घाला. (शुक्र २२५ दिवसांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. सदाशिव पेठेतल्या कपाटात काय ठेवलंय याची त्याला फिकीर असण्याचं कारण नाही. हिऱ्याची किंमत मात्र पृथ्वीवरच मोजावी लागते.) दुसऱ्या नातेवाइकानं हार्मोनच्या तपासण्या करायला लावल्या. सगळ्या नॉर्मल आल्या.

तिसरा गैरसमज जास्त पसरलेला आहे: असा पुरुष मनातून पुरुषांकडे ओढला जातो, म्हणून पुरुषांसमोर लाजतो. याला आकड्यांचा आधार नाही. 'ट्रान्सव्हेस्टाइट', म्हणजे दुसऱ्या लिंगाचे कपडे घालणारी व्यक्ती, हा शब्द बर्लिनच्या माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरनं १९१० साली रूढ केला, आणि कपड्यांची आवड व लैंगिक आकर्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याच्याही लक्षात आलं होतं. पुढे अमेरिकेत १९७२ साली अशा ५०४ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८९ टक्क्यांनी आपलं आकर्षण स्त्रियांकडे असल्याचं सांगितलं. १९९७ साली १,०३२ जणांची पाहणी झाली, तिथे आकडा ८७ टक्के. पंचवीस वर्षांत फारसा हलला नाही. पारलिंगी स्त्रिया, म्हणजे जन्मताना मुलगा म्हणून नोंद झालेल्या पण मुळात स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्ती, या पाहण्यांचा विषय नव्हत्या. त्यांचा प्रश्न कपड्यांचा नसून ओळखीचा असतो, तो इथे मिसळायला नको.

मग पोटातला गोळा येतो कुठून? इथून माझा आवडता भाग सुरू होतो, तेव्हा थोडा धीर धरा.

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली ताण मोजण्याची एक चाचणी तयार झाली. ती इतकी साधी आणि इतकी दुष्ट आहे की आजही जगभर वापरली जाते. तुम्हाला एका खोलीत नेतात. समोर टेबलामागे परीक्षक बसलेले. पाच मिनिटं स्वतःबद्दल बोला, तुम्ही या नोकरीला कसे लायक आहात ते पटवा. मग पाच मिनिटं १,०२२ मधून तेरा-तेरा वजा करत चला, मोठ्यानं. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. खरी मेख पुढेच आहे. परीक्षकांना चेहरा कोरा ठेवायचं प्रशिक्षण दिलेलं असतं. हसायचं नाही, मान डोलवायची नाही, रागवायचंही नाही. नुसतं पाहायचं.

टपरीवरच्या चौघांनी नेमकं हेच केलं होतं.

अशा नजरेखाली शरीरात दोन गाड्या सुटतात. पहिली जलद: सिम्पथेटिक मज्जासंस्था काही सेकंदांत ॲड्रिनलिन सोडते, हृदय धडधडतं, आतड्यांकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. पोटात गोळा येण्यात याचा वाटा मोठा. दुसरी गाडी पॅसेंजर. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. त्यातलं पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रक सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतं. ते बारीक रक्तवाहिन्यांच्या खास जाळ्यातून खाली पिट्युटरी ग्रंथीपर्यंत जातं. पिट्युटरी एसीटीएच सोडते, ते रक्तातून मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना गाठतं आणि तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बाहेर पडतं. कॉर्टिसॉल मेंदूत परत येऊन हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातल्या ग्राहींवर (संप्रेरक ओळखणाऱ्या रेणूंवर) बसतं आणि वरच्यांना सांगतं, 'पोचलं, आता आवरा.' या सगळ्या फेरीला वेळ लागतो, म्हणून कॉर्टिसॉलचा कळस प्रसंग सुरू झाल्यावर वीसेक मिनिटांनी किंवा त्याही नंतर येतो. आपण टपरीवरून परत आलेलो असतो, पडदा उघडलेला असतो, आणि आत कॉर्टिसॉल चढतच असतं. थुंकीच्या थेंबातही ते मोजता येतं.

कोणताही ताण कॉर्टिसॉल वाढवतो असं आपण धरून चालतो. २००४ साली सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी प्रयोगशाळेतले २०८ अभ्यास एकत्र करून पाहिले, आणि चित्र वेगळं निघालं. कर्कश आवाज किंवा नुसतं किचकट काम एवढ्यानं फारसं काही होत नाही. कॉर्टिसॉल खरं उसळतं ते दोन गोष्टी एकत्र आल्या की: दुसरं कुणीतरी आपलं मोल ठरवतंय, आणि त्याचा निकाल आपल्या हातात नाही. दोन्ही असल्या तर उसळी सर्वांत मोठी आणि उतरायलाही सर्वांत जास्त वेळ.

आता मेकअपची खोली आठवा. तिथेही माझं मोल ठरवलं जात होतंच, पाय फाकवण्यावरून टोमणाही मिळाला. पण निकाल माझ्या हातात होता. पाय जवळ घेतले की काम झालं. टपरीवर मी काय केलं असतं तर ते चौघं निवळले असते? काहीच नाही.

इथे अर्धं उत्तर मिळालं. उरलेलं अर्धं मिळतं ते पाहणाऱ्याकडे पाहिल्यावर.

अमेरिकेतल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठात जोसेफ व्हॅन्डेलो, जेनिफर बॉसन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एक कल्पना मांडली. बाईपण हे बहुतेक समाजांत वयाबरोबर आपोआप येतं असं मानतात. पुरुषपण मात्र कमवावं लागतं, चारचौघांत सिद्ध करावं लागतं आणि ते जाऊही शकतं. त्यांनी विद्यार्थ्यांना एक वाक्य दिलं: 'मी पूर्वी पुरुष होतो, आता राहिलो नाही.' याचा अर्थ लावा. लोकांनी सामाजिक कारणं सुचवली, नोकरी गेली असेल, कुणाच्या अपेक्षा पुऱ्या झाल्या नसतील. तेच वाक्य बाईच्या तोंडी दिलं तर कारणं शरीरातली शोधली गेली. आपल्याकडे 'मर्द असशील तर' असं म्हणून माणसाला विहिरीत उडी मारायला लावता येते. 'बाई असशील तर' असं म्हणून कुणाला काही करायला लावल्याचं मी ऐकलेलं नाही. पुढे २०२१ साली ६२ देशांतल्या ३३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची उत्तरं गोळा झाली, आणि ही समजूत कमीजास्त प्रमाणात सगळीकडे सापडली.

याच मंडळींचा २००९ चा प्रयोग मला फार आवडतो. पुरुषांच्या एका गटाला बाहुलीच्या डोक्यावरच्या केसांची वेणी घालायला दिली, दुसऱ्या गटाला दोरखंडाची वेणी. बोटांचं काम तेच, पेड तेच. मग विचारलं, आता बॉक्सिंगच्या पिशवीला ठोसे मारणार की कोडं सोडवणार? केसांची वेणी घातलेल्यांनी ठोसे जास्त वेळा निवडले. दुसऱ्या फेरीत सगळ्यांनाच ठोसे मारायला लावले, तर केसवाल्यांचे ठोसे जास्त जोरकस निघाले. तीन पेडांची एक वेणी, आणि एवढ्यानं पुरुषपणाचा तोल गेला. तो सावरायला पिशवी बडवावी लागली.

आता टपरीवरच्या माणसाच्या जागी उभं राहा. त्याच्यासमोर एक पुरुष नऊवारीत आला आहे. बाजूला तीन पुरुष आहेत, आणि ते तिघं या प्रसंगात *तो* काय करतो हे पाहताहेत. हसलं तर काय, दुर्लक्ष केलं तर काय, प्रेमानं चौकशी केली तर काय! त्याचंही काहीतरी पणाला लागलेलं आहे. मैत्रिणींचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. मी साडी नेसल्यानं त्यांचं बाईपण तसूभरही हलत नव्हतं, उलट त्या जाणकार होत्या आणि मी शिकाऊ. मित्राचा भाऊ कितीही चांगला असो, आपल्या भावाला साडीत पाहताना तो स्वतःलाही पाहणार. बायकोच्या मैत्रिणींना ती अडचण नाही.

ही धास्ती मनाचे खेळ म्हणून उडवून लावता येणारी नाही. पारलिंगी व्यक्तींविषयीच्या मतांची अमेरिकेत पाहणी झाली तेव्हा पुरुषांची मतं स्त्रियांपेक्षा जास्त प्रतिकूल निघाली. आणि हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं, ज्यांची सरकारदफ्तरी 'नपुंसक' म्हणून नोंद झाली होती त्यांनी बाईच्या वेशात रस्त्यावर दिसणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला होता, आणि अटकेला वॉरंटही लागत नसे. मेंदू धोक्याचा अंदाज बांधतो तेव्हा असल्या गोष्टी हवेतून येत नाहीत.

पण मग बालगंधर्व? हा प्रश्न कुणाही मराठी वाचकाला पडेल. नारायण श्रीपाद राजहंस रंगमंचावर शालू नेसून उभे राहत आणि समोर बसलेले पुरुष प्रेक्षक खुळावत. बायका तर त्यांच्यासारखी साडी नेसायला, दागिने घालायला शिकल्या. तिथे पुरुषांची नजर का बोचली नाही?

याचंही उत्तर बॉसनच्याच एका आधीच्या कामात, २००५ च्या, आहे. बायकी समजलं जाणारं काम करताना पुरुषांना अवघडायला होतं ते मुख्यतः लोक आपल्याला चुकीच्या खणात टाकतील या भीतीनं. आधीच 'मी तसा नाही' असं कळवायची सोय दिली की अवघडलेपण बरंच उतरतं. रंगमंच ही तशी सोय आहे. घंटा वाजते, पडदा उघडतो, तिकीट काढलेलं असतं. हे नाटक आहे हे पाहणाऱ्यालाही ठाऊक आणि दाखवणाऱ्यालाही. शिमग्यातल्या राधेलाही हेच कवच असतं, कारण शिमगा असतो. मला टपरीवर नडलं ते एवढंच की मी पन्नास पावलं चौकटीबाहेर गेलो होतो. हे कवच पातळ असतं, हे गणपत पाटलांनी सोसलं. तमाशापटांतला त्यांचा नाच्या इतका अस्सल होता की संसारी, मुलाबाळांचा बाप असलेल्या या नटाला लोकांनी पडद्याबाहेरही तसंच वागवलं.

बायकांची नजर मऊ असते असा अर्थ यातून काढू नका. मला तर उलट वाटतं, ती जास्त कडक असते. पुरुषाला साडी दिसते. बाईला निऱ्या सारख्या आल्या नाहीत, परकर दिसतोय, पिन चुकीच्या खांद्याला लागलीय हे दिसतं. काहींना म्हणूनच पुरुषांपेक्षा बायकांसमोर जायची धास्ती वाटते. आणि बायको हा तर वेगळाच विषय. मैत्रिणीला जे गमतीचं वाटतं ते बायकोला फसवणूक वाटू शकतं, कारण लग्नाआधी सांगितलेलं नसतं. तिथे पणाला बरंच काही लागलेलं असतं. म्हणजे नियम तोच राहिला: पाहणाऱ्याचं काय जातंय?

तरी तिची साथ मिळाली तर फरक पडतो, आणि तो थुंकीत दिसतो. १९९५ साली ट्रिअरच्या चाचणीआधी काही जणांना जोडीदाराची सोबत दिली. प्रेयसी सोबतीला असलेल्या पुरुषांचं कॉर्टिसॉल कमी वाढलं. प्रियकराची सोबत मिळालेल्या स्त्रियांचं मात्र कमी झालं नाही, कल असलाच तर वाढण्याकडे होता. यावर घरोघरी चर्चा व्हायला हरकत नाही.

'बायकी मेंदू' ही नवी टूम मात्र शुक्राच्या अंगठीचीच बहीण आहे. रंगीत स्कॅन दाखवून कुणी सांगत असेल की अशा पुरुषांचा मेंदू बाईचा असतो आणि म्हणून ते बायकांत रमतात, तर त्याला तेल अवीवच्या डाफ्ना जोएल यांचं २०१५ चं काम दाखवा. चौदाशेहून अधिक मेंदूंच्या चित्रांत त्यांना अथपासून इतिपर्यंत 'पुरुषी' किंवा 'बायकी' मेंदू अगदी विरळा सापडले. बाकी सगळी गोधडी, हा तुकडा इकडचा, तो तिकडचा.

हे सगळं मित्राला सांगितलं. त्यानं विचारलं, सवयीनं भीती जाते का? त्याचंही उत्तर आहे. १९९५ सालीच वीस पुरुषांना तीच ट्रिअरची चाचणी ओळीनं पाच दिवस द्यायला लावली. तेरा जणांचं शरीर लवकरच सरावलं. सात जणांचं कॉर्टिसॉल मात्र रोज जोमानं उसळत राहिलं.

"मी त्या सातांतला," तो लगेच म्हणाला. पाच वेळा करून पाहिल्याशिवाय कसं कळणार, असं मी म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही. गणपतीला भाऊ येणार आहे. साडी अजून वरच्याच कप्प्यात आहे, पण पुढची ब्लँकेटं त्यानं धुवायला काढली आहेत म्हणे.