डोस बरोबर गेला, हे कोणी तपासलं?

कॅन्सरवरच्या रेडिएशनला मराठीत सर्रास 'शेक' म्हणतात. शब्द ओळखीचा आहे, पण फसवा आहे. शेक घेताना ऊब जाणवते, जास्त झाला तर माणूस अंग काढून घेतो. रेडिएशनच्या एका बैठकीत साधारण 2 ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) डोस दिला जातो आणि त्याने शरीरातल्या त्या भागाचं तापमान वाढतं जेमतेम 0.0005 अंश सेल्सिअस. टेबलावर निपचित पडलेल्या रुग्णाला त्या क्षणी काहीही कळत नाही. डोस 20 टक्के जास्त गेला तरी नाही आणि 20 टक्के कमी गेला तरी नाही. मशीन चालवणाऱ्यालाही किरण दिसत नाहीत. जे काही समजतं ते मोजमापातून. म्हणूनच हे मोजमाप कसं उभं राहिलं आणि तेवढ्यावर का भागलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रंटगेनने क्ष-किरण शोधले नोव्हेंबर 1895 मध्ये. पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी ते गाठींवर वापरायला सुरुवात केली. मोजायला काहीच नव्हतं, म्हणून माप झाली ती रुग्णाची कातडी. त्वचा लालसर होईल इतके किरण म्हणजे एक डोस. आता हे माप किती कच्चं! लाली उमटायला दिवस लागतात, प्रत्येकाची कातडी वेगळी, आणि लाली दिसते तेव्हा डोस देऊन झालेला असतो. त्या काळातले कितीतरी डॉक्टर क्ष-किरणांच्या नळीचा जोर अजमावायला स्वतःचा हात किरणांपुढे धरत. त्यातल्या अनेकांची बोटं गेली, काहींचा जीव गेला.

1904 मध्ये फ्रान्सच्या साबुरो आणि न्वारे यांनी एक छोटी टिकली आणली. बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप असलेली ही टिकली मुळात हिरवट दिसे आणि किरण लागले की तपकिरी होत जाई. ती नळी आणि कातडी यांच्या बरोबर मध्यावर ठेवायची आणि रंग नमुन्याच्या रंगाशी जुळला की मशीन बंद करायचं. उजेडात रंग पुन्हा फिका पडे, त्यामुळे जुळणी जपून करावी लागे. शेवटी भरवसा बघणाऱ्याच्या नजरेवरच. तरीही पहिल्यांदाच कातडीऐवजी एक वस्तू साक्षीला उभी राहिली.

खरा पाया घातला गेला तो हवेच्या आयनीभवनावर. किरण हवेतून गेले की विद्युतभार मोकळा होतो आणि तो मोजता येतो. 1925 मध्ये लंडनला रेडिओलॉजीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे एककांसाठी समिती नेमली गेली, आणि 1928 मध्ये स्टॉकहोमला 'रंटगेन' हे एकक ठरलं. पण ते हवेतलं माप होतं. रुग्णाच्या आत किती ऊर्जा मुरली, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. 1936 मध्ये लुई हॅरॉल्ड ग्रे याने पोकळीतल्या वायूच्या मोजमापावरून भोवतालच्या पदार्थातली ऊर्जा काढायची रीत पक्की केली. 1953 मध्ये शोषलेल्या डोससाठी 'रॅड' आला आणि 1975 मध्ये त्याच ग्रे यांच्या नावाचं एकक. 1 ग्रे म्हणजे एका किलोग्रॅममध्ये 1 ज्यूल, म्हणजेच 100 रॅड. 1955 मध्ये फ्रँक फार्मर यांनी शिवणकामातल्या अंगुस्तानासारखं दिसणारं, जेमतेम 0.6 घन सेंटिमीटर पोकळीचं, डोस मोजायचं चेंबर बनवलं. 'फार्मर चेंबर' आजही रेडिएशन विभागातल्या फिजिसिस्टच्या रोजच्या हातातलं आहे.

दरम्यान 1951 मध्ये कॅनडात किरणोत्सारी कोबाल्टच्या किरणांवर चालणारं कोबाल्ट मशीन सुरू झालं आणि खोलवरच्या गाठींपर्यंत डोस पोचवता येऊ लागला. मग नेमकेपणाचा प्रश्न टोकदार झाला. गाठ मरण्याचा डोस आणि निरोगी भाग निकामी होण्याचा डोस यांत अंतर थोडं असतं आणि काही टक्क्यांच्या फरकाने पारडं फिरतं. 1976 मध्ये एककांच्या त्याच आंतरराष्ट्रीय मंडळाने म्हटलं की गाठीला मिळणारा डोस ठरल्यापेक्षा 5 टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे होऊ नये.

नेमक्या त्याच सुमाराला अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका रुग्णालयात काय घडत होतं, ते बघा. कोबाल्टचं अर्धआयुष्य, म्हणजे जोर निम्मा व्हायला लागणारा काळ, 5.27 वर्षं. म्हणजे मशीनचा जोर दर महिन्याला सुमारे 1 टक्का उतरतो आणि रुग्णाची वेळ तेवढी वाढवावी लागते. तिथे ही उतरण मोजण्याऐवजी आलेख पुढे ओढून काढली जात होती आणि आलेख चुकला होता. कागदावर मशीन थकत चाललं होतं, प्रत्यक्षात तितकं थकलं नव्हतं. वेळ वाढत गेली. चेंबर लावून तासाभरात खात्री झाली असती, पण 22 महिने कोणी मोजलंच नाही. 426 रुग्णांना जास्त डोस गेला.

1996 मध्ये कोस्टारिकात तर मोजमाप केलं होतं. नवा कोबाल्ट स्रोत बसवला, टायमर लावला 0.3 मिनिटावर, म्हणजे 18 सेकंद. हिशेबात मात्र धरले 30 सेकंद. 18 सेकंदांत जमलेला डोस 30 सेकंदांचा मानल्यामुळे मशीन खऱ्यापेक्षा मंद दिसलं आणि प्रत्येक रुग्णाला जादा वेळ ठेवलं गेलं. 115 रुग्ण त्यात सापडले. एका दशांश चिन्हाची ही गोष्ट वाचताना आजही पोटात गोळा येतो.

मला सर्वांत जास्त छळते ती मात्र कमी डोसची घटना. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला 1982 ते 1991 अशी नऊ वर्षं एका प्रकारच्या उपचारात मशीन आणि रुग्ण यांच्यातल्या अंतरासाठीची हिशेबातली दुरुस्ती दोनदा होत राहिली, एकदा संगणकाकडून आणि पुन्हा हाताने. 1,045 रुग्णांना 5 ते 35 टक्के कमी डोस मिळाला. जास्त डोसने कातडी सोलते, घशात जखमा होतात, कोणीतरी विचारतं. कमी डोसने त्रास कमीच होतो आणि रुग्ण खुशीत घरी जातो. पुढे गाठ परत आली तर दोष आजाराला लागतो. नवी संगणक प्रणाली आली तेव्हा कुठे ही चूक उघडी पडली.

या तिन्ही ठिकाणी माणसं निष्काळजीच होती, असं म्हणून मोकळं होता येत नाही. आपणच घेतलेलं माप आपणच त्याच रीतीने तपासलं, तर चूकही तशीच्या तशी पुन्हा घडते. यावरचा उतारा तसा आधीच निघाला होता, तो टपालाचा. 1969 पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी लिथियम फ्लोराइडची पांढरी पूड भरलेल्या इवल्या कॅप्सूल रुग्णालयांना पाठवायला सुरुवात केली. रुग्णालयाने ती कॅप्सूल पाण्यात, 10 बाय 10 सेंटिमीटरच्या बीममध्ये धरायची, आपल्या हिशेबाने बरोबर 2 ग्रे द्यायचे आणि परत पाठवायची. ऑस्ट्रियातल्या प्रयोगशाळेत पूड तापवली की ती साठवलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडते. किती प्रकाश निघाला त्यावरून खरा डोस कळतो. सुरुवातीच्या काळात जेमतेम निम्मी उत्तरं 5 टक्क्यांच्या आत होती. आता बहुतेक सगळी असतात. 1988 मध्ये इंग्लंडमधल्याच एक्सेटरला 25 टक्के जादा डोस चालू होता, 207 रुग्णांवर उपचार झाले होते. तीही चूक उघड झाली ती राष्ट्रीय तपासणीसाठी बाहेरून येऊन घेतलेल्या मोजमापात.

1990 च्या दशकात आयएमआरटी, म्हणजे किरणांचा जोर जागोजागी कमीजास्त करून डोस देण्याची पद्धत, आली. आता डोस एका चौकोनात सरळ न जाता शेकडो तुकड्यांतून वळणं घेत जातो, त्यामुळे एका बिंदूवरचं माप पुरेना. 1998 मध्ये डॅनियल लो आणि सहकाऱ्यांनी 'गॅमा इंडेक्स' मांडला. डोसमधला फरक आणि जागेतला फरक एकत्र तोलायची ही रीत, बहुतेक ठिकाणी 3 टक्के आणि 3 मिलिमीटरच्या हिशेबाने, रोजच्या कामात रुळली. तरी अमेरिकेत ह्यूस्टनच्या तपासणी केंद्राने डोक्या-मानेचा पुतळा, म्हणजे फँटम, रुग्णालयांना पाठवला तेव्हा 250 पैकी 179 चाचण्याच पास झाल्या, आणि तेही 7 टक्के आणि 4 मिलिमीटर अशा सैल कसोटीवर. 2014 मधल्या एका तुलनेत तर दिसलं की फँटमवर नापास झालेले कित्येक उपचारांचे प्लॅन त्या त्या रुग्णालयाच्या स्वतःच्या तपासणीत पास झाले होते.

2017 मध्ये टपालातल्या पुडीची जागा काचेच्या बारीक कांड्यांनी घेतली. पूड एकदा तापवली की तिची नोंद पुसली जाते. काचेतली नोंद वाचल्याने पुसली जात नाही. उत्तर 5 टक्क्यांबाहेर आलं आणि रुग्णालयाला शंका वाटली, तर तीच कांडी पुन्हा वाचता येते.