खुल्या खाणीतल्या उतारांची देखरेख

खुल्या खाणीत खड्डा पायऱ्यापायऱ्यांनी खाली नेतात, त्या पायरीला बेंच म्हणतात. उतार जितका उभा तितकं वायफळ खोदकाम वाचतं, पण तो घसरायची भीतीही तितकीच वाढते, सगळी ओढाताण इथेच. कागदावर हिशोब फॅक्टर ऑफ सेफ्टीचा, म्हणजे उताराला धरून ठेवणारी ताकद भागिले खाली ओढणारी. १ च्या खाली गेलं की उतार गेला, म्हणून साधारण १.२ ते १.३ तरी ठेवतात. पाऊस पडला की हा हिशोब बिघडतो, भेगांत पाणी साचून दाब वाढतो, तो मोजायला बोअरमध्ये पायझोमीटर सोडतात.

मुंबईकडच्या दगडखाणी, चांदिवली, कांदिवली, तुर्भे वगैरे, बहुतेक बेसॉल्टच्या. काळा पत्थर, हा कुठे घसरतोय असं वाटतं, पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा असतो, तो भिजून मऊ पडतो, आणि दगडातले सांधे, म्हणजे मुळातल्याच भेगा, खड्ड्याकडे कललेले असले तर अख्खी पाचरच सुटून येते.

देखरेखीचा सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या आणि रोज टेप लावून अंतर लिहून ठेवायचं, हे आजही चालतं आणि चालावंच. मोठ्या खाणीत भिंतीवर प्रिझम, म्हणजे किरण परत फेकणाऱ्या काचा, लावून टोटल स्टेशनने, म्हणजे अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने, मोजतात, शिवाय रडार असतं, ते मिलिमीटरपेक्षा कमी हालचालही पकडतं. पण उतार किती सरकला यापेक्षा वेग वाढतोय का हे बघायचं. जपानचे संशोधक फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये युक्ती दिली, १ भागिले वेग असा वेळेप्रमाणे आलेख काढा, रेघ शून्याला टेकेल ती कोसळायची अंदाजे वेळ. कडक दगडात मात्र ही युक्ती फसू शकते, तिथे पाचर फारशी सूचना न देता सुटते.

अमेरिकेत युटाच्या बिंगहॅम कॅन्यन खाणीत १० एप्रिल २०१३ ला कोट्यवधी टन दगड खाली आला, पण हालचाल महिनोन् महिने मोजत होते, माणसं आधीच बाहेर काढलेली, एकही जीव गेला नाही. उलट २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडच्या राजमहल कोळसा खाणीत ढिगारा घसरून २३ कामगार गेले.

मुंबईत चालू खाणीपेक्षा बंद खाणींच्या आणि कापलेल्या टेकड्यांच्या पायथ्याच्या वस्त्या जास्त धोक्यात. घाटकोपरच्या आझाद नगरात जुलै २००० मध्ये दरड कोसळून ६० हून जास्त माणसं गेली. खाणीत निदान मॅनेजर काम थांबवू शकतो, वस्तीत रात्री पाऊस वाढला तर घरं रिकामी करा म्हणून सांगणारा कोण, हे आधी ठरलेलं नसतं.